वतनाचा रकाना

जून महिन्यात शाळा उघडली की आम्हां उर्दू शाळांच्या शिक्षकांना फळ्यापेक्षा कपाटापाशी अधिक उभे राहावे लागते. पालक येतात, दाराबाहेर चपला काढतात आणि अदबीने विचारतात, ‘सर, आमच्या वालिदचं, नाहीतर दादांचं नाव जुन्या रजिस्टरात निघेल का?’ मुलाला आय.टी.आय.ला घालायचे असते, मुलीला नर्सिंगला. त्यासाठी जातीचा दाखला हवा असतो. इतर मागासवर्गीयांसाठी आपल्या राज्यात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख ठरलेली आहे. त्या तारखेपूर्वी आपले घराणे महाराष्ट्रात राहत होते, हे कागदाने सिद्ध करावे लागते. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. दुकानदाराकडे कसली तरी पावती, परवाना असतो. विणकराकडे काय असते? करघ्याचा सातबारा निघत नाही.

अशाच एका पालकासाठी आम्ही १९४० च्या दशकातले एक रजिस्टर काढले. पाने पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, पण शाई शाबूत. वर ‘जिल्हा वेस्ट खानदेश’ असे लिहिलेले. नोंद उर्दूत, एखाद्या जुन्या मौलवीसाहेबांच्या घाईच्या अक्षरात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख. ‘कौम’ या रकान्यात ‘मुसलमान’. बापाचा पेशा ‘पारचाबाफ’, म्हणजे कापड विणणारा. आणि त्यापुढे ‘वतन’ या रकान्यात ‘मऊ, जिल्हा आजमगढ’.

मुलगा जन्मला धुळ्यात. जन्माचे ठिकाण तसे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याचा बापही धुळ्यातच जन्मलेला, असे घरचे सांगतात. तरी मौलवीसाहेबांनी वतन विचारले आणि बापाने मऊ सांगितले. दोन पिढ्या खान्देशात गेल्या, पण वतन हजार-बाराशे किलोमीटरवर राहिले. आम्ही त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. आमच्या स्वतःच्या दादाजानांनीही असेच काही सांगितले असणार.

‘वतन’ हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही. दोन्हीकडे तो अरबीतूनच आला. पण मराठीत त्याने वेगळाच संसार थाटला. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, देशमुखी वतन. म्हणजे हक्क, जमीन, मान, आणि तो शाबीत करणारी सनद. उर्दूत वतन म्हणजे जिथली माती आपली ते गाव, मग तिथे वीतभर जमीन नसली तरी चालेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून पहिल्या प्रकारच्या वतनांचे कागद गोळा करत राहिले. अखेरच्या काळात ते धुळ्यातच होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह धुळ्यात जपला गेला. ज्यांच्याकडे वतन होते त्यांचा इतिहास त्यामुळे वाचला. ज्यांचे वतन फक्त दुसऱ्या प्रकारचे होते, त्यांच्या घरात जपायला कागदच नव्हता. राजवाड्यांना यात दोष नाही. कागद नसेल तर संशोधक तरी काय गोळा करणार?

मग या लोकांचा माग काढायचा कसा? आम्ही तो कापडावरून आणि रस्त्यावरून काढतो.

पूर्व उत्तर प्रदेशातील मऊ, मुबारकपूर, टांडा, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यात मोमीन विणकरांची दाट वस्ती. आजमगढ जिल्ह्यात सुती मलमल तर होतीच, शिवाय सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे संगी, गलता यांसारखे चकचकीत कापड विणले जाई. या कापडाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे अवधचा दरबार आणि त्याच्या आसऱ्याने जगणारे अमीर-उमराव. एकीकडे विलायती गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात शिरले होते. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि गिऱ्हाईकही गेले. पाठोपाठ १८५७ चा उठाव. १८५८ च्या मार्चमध्ये कुंवरसिंहांनी आजमगढ काबीज केले, पुढे ते परत इंग्रजांच्या हाती पडले आणि मग जे सूडसत्र झाले त्यात कोण बंडखोर आणि कोण विणकर हे पाहायला कोणाला सवड नव्हती. १८६०-६१ मध्ये वायव्य प्रांतात दुष्काळ पडला, १८७७-७८ मध्ये पुन्हा. बिरादरीत सगळे एकाच वाक्यात सांगतात, ‘गदर के बाद आए.’ खरे तर एका दिवशी कोणी आले नाही. वीस-तीस वर्षे लोक येत राहिले. गदर हे त्या सगळ्याला दिलेले एक सोयीचे नाव आहे.

ते आले कोठे, हे नकाशावर पाहावे. काही जण नागपूरजवळच्या कामठीत थांबले, काही बुऱ्हाणपुरात. बाकीचे धुळे, मालेगाव, भिवंडी आणि मुंबईत मदनपुऱ्यात. आता या शेवटच्या चार नावांवरून बोट फिरवा. चारही ठिकाणे आग्रा-मुंबई रस्त्याने एकमेकांना जोडलेली आहेत. धुळ्याच्या मुख्य बाजारपेठेचे नाव आजही आग्रा रोड आहे. तिथे आम्ही लहानपणी ईदचे कपडे घ्यायला जात असू, पण हे नाव आपल्यालाच उद्देशून आहे असे कधी मनात आले नव्हते.

खान्देशच का, याला उत्तर सोपे आहे: कापूस. पण केवळ कापूस असून विणकर येत नाही, त्याला सूत आणि गिऱ्हाईक लागते. खान्देशात कापडाचा धंदा जुनाच. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी थाळनेर, आजच्या धुळे जिल्ह्यातली. नंतरची बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले, तरी बुऱ्हाणपूरचे झिरझिरीत कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात राहिले, हे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. पुढे १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खान्देशचे मुख्य ठाणे केले आणि उद्ध्वस्त झालेल्या मुलखात व्यापारी व कारागीर यावेत म्हणून सवलती दिल्या. (हाच ब्रिग्ज पुढे फरिश्त्याच्या फारसी तवारीखेचा इंग्रजी अनुवादक म्हणून ओळखला गेला. फारुकींच्या खान्देशाची हकीकत त्या तवारीखेतही आहे. साहेबाने ठाणे चालवता चालवता फारसीही वाचली. आमच्यातले किती जण आज ती वाचतात, हे न विचारलेले बरे.) म्हणजे आज दिसणारे धुळे हे बाहेरून आलेल्यांनीच वसवलेले गाव आहे. त्यात गुजराती आहेत, मारवाडी आहेत. पूरबी विणकर त्यांच्यामागून आला इतकेच.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली आणि गिरणीचे सूत जवळच मिळू लागले. गिरणीने विणकराला मारले असे आपण पुस्तकात शिकवतो, आणि सूत कातणाऱ्या बायकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण हातमागवाल्याला त्याच गिरणीच्या सुताने काही काळ जगवले. अमेरिकन इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील लहान विणकर-शहरांवर २०१२ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हातमाग हा मरणासन्न धंदा नव्हता, तो बदलत, हलत, नवे गिऱ्हाईक शोधत होता, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या मोहल्ल्यातील म्हाताऱ्यांना हे पटवून द्यावे लागले नसते.

नवे गिऱ्हाईक कोण? खान्देश आणि दख्खनची कष्टकरी बाई. तिला संगी-गलता नको होता. तिला हवे होते नऊवारी लुगडे, पक्क्या रंगाचे, ठसठशीत काठाचे, शेतात कासोटा मारून दहा तास वाकले तरी न विरणारे. ज्या हातांनी लखनौच्या बेगमांसाठी विणले होते, त्या हातांनी लुगडे शिकून घेतले. हे आम्हाला या साऱ्या कहाणीतले सर्वांत मोठे स्थलांतर वाटते. पाय चार-सहा महिन्यांत येऊन पोचले असतील, हाताला अधिक वेळ लागला असेल. वाणाची रुंदी बदलली, काठाची नक्षी बदलली, रंग बदलले. मालेगावची रंगीत लुगडी पुढे दख्खनभर गेली. नेसणारीला ती कोणी विणली हे माहीत नव्हते आणि विणणाऱ्याच्या घरात तसे लुगडे कोणी नेसत नव्हते.

आता मुलखाशी संबंध. आमच्या घरात उत्तर प्रदेश हा शब्द कधी नव्हता, ‘मुलूक’ होता. ‘मुलूकसे खत आया’, ‘मुलूक गए हैं’. हे नाते टिकले त्यात भावनेइतकाच वाटा सरकारी सोयींचा आहे, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगायला हवे. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून येणारी रेल्वे जबलपूरला अलाहाबादच्या रेल्वेशी जोडली गेली. १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघाले. १८८० मध्ये पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली. दहा वर्षांत जाण्याची, बोलण्याची आणि पैसे पाठवण्याची सोय झाली. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाल्यावर धुळ्याचा विणकर चाळीसगावला गाडी बदलून बनारसपर्यंत रुळावरून जाऊ शकत होता. बनारसला उतरून पुढे मऊपर्यंत छोटी लाइन. त्या लाइनच्या डब्यांच्या गोष्टी आमची दादी अशा सांगायची की मुलूक म्हणजे रेल्वेचा एक डबाच आहे असे आम्हाला वाटे.

मनीऑर्डर तिकडे जाई, नवरी इकडे येई. लग्न बिरादरीत आणि शक्यतो मुलखातलेच, असा रिवाज कितीतरी वर्षे होता. त्यामुळे दर पिढीत घरात एक बाई अशी असे की जिची भाषा ताजी पूरबी. तिच्याबरोबर सत्तू येई, लिट्टी येई, बनारसी किवामी शेवया येत. आणि दहा वर्षांत तीच बाई कळण्याची भाकरी थापू लागे, भरताची वांगी आग्रा रोडवर भाव करून घेऊ लागे. पूरबीत ‘आहे’ला ‘बा’ म्हणतात, अहिराणीत ‘शे’. आमच्या दादीच्या तोंडी दोन्ही होते. माहेरचे कोणी आले की ‘बा’, भाजीवालीशी ‘शे’, आणि मुलांना रागावताना दोन्ही एकदम. घरातल्या बायका कांड्या भरत, पुरुष करघ्यावर. सोळा माणसांचे घर, त्यातली दोन पाहुणे म्हणून मुलखातून आलेली आणि काम शिकून इथेच राहिलेली, हा नेहमीचा हिशेब होता.

हे वाचताना कोणाला आयर्लंड आठवेल. आम्हाला आठवले, कारण बी.एड.च्या दिवसांत हाती लागलेल्या एका पुस्तकात त्या देशाचा दुष्काळ होता. १८४५ पासून सलग काही वर्षे तिथले बटाट्याचे पीक कुजले. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये तिथे ८२ लाख लोक होते, १८५१ मध्ये ६५ लाख उरले. लोक न्यूयॉर्क-बॉस्टनला गेले. निघण्याच्या आदल्या रात्री गावकरी जमत आणि मयताच्या घरी जसे रात्र जागवतात तशी रात्र जागवत, कारण माणूस जिवंत असला तरी पुन्हा दिसणार नव्हता. मग तिकडून पत्रे येत, पत्रात पैसे येत, पुढच्या भावंडाचे जहाजाचे तिकीट येई. आमच्या मनीऑर्डरींचीच ही कथा, फक्त मध्ये समुद्र.

पण एक फरक मोठा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नवे ठाणे उघडले, तेव्हा पहिली नोंद झाली ती कॉर्कहून आलेल्या ॲनी मूर या आयरिश मुलीची. तिचे नाव कागदावर आहे, जहाजाचे नावही आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी जून १९६३ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या आपल्या पणजोबांच्या घरी गेले, नातलगांबरोबर चहा प्याले. शंभरावर वर्षांनी घर सापडले. आग्रा रस्त्याने चालत आलेल्या विणकराला कोणी नाक्यावर थांबवून नाव विचारले नाही. तो एकाच राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आला, परदेशी नव्हता, म्हणून त्याची यादी झाली नाही. ज्याला परका मानले त्याची नोंद राहिली आणि जो परका नव्हता त्याच्याकडे आज पुरावा नाही!

काही वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून काशी एक्स्प्रेसने मऊला गेलो. मुंबईहून त्या बाजूला जाणाऱ्या महानगरी, काशी, गोदान या गाड्या आमच्या बिरादरीत घरच्या माणसांसारख्या ओळखीच्या आहेत. छोटी लाइन जाऊन मोठी आली आहे. मऊ १९८८ पासून आजमगढमधून निघून स्वतंत्र जिल्हा झाले आहे. गल्लीत शिरल्याबरोबर मागांचा खडखडाट ऐकू आला आणि क्षणभर आपण धुळ्यातच आहोत असे वाटले. तिथेही हातमागाची जागा बहुतेक यंत्रमागाने घेतली आहे. दादाजानांच्या वडिलांचे नाव आम्ही तीन मोहल्ल्यांत विचारले. लोकांनी बसवले, चहा दिला, खूप चौकशी केली. एका बुजुर्गांनी आमचे बोलणे ऐकून हसत म्हटले, ‘आप तो दक्खिनी हैं.’ आम्ही खान्देश समजावून सांगू लागलो, तर शेजारचा म्हणाला, ‘मतलब बंबई.’ नाव कोणाला आठवले नाही. केनेडींना निदान कोणी बंबईवाला म्हटले नव्हते.

आणि इकडे? २००८ साली मुंबई-नाशकात उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा चार-पाच पिढ्या खान्देशात काढलेल्या आमच्यासारख्यांना बसस्टँडवर ‘भैय्या, कुठले तुम्ही?’ असे विचारले गेले. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या चर्चेने मालेगावात जन्मदाखल्यांसाठी लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगांतले बहुसंख्य याच विणकरांचे पणतू-खापरपणतू. वतनाच्या रकान्यात जे एकेकाळी अभिमानाने सांगितले, तेच आता अंगावर येते की काय, ही भीती आम्ही पालकांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

नावाचाही एक गुंता आहे. ‘जुलाहा’ ही उत्तरेत शिवी झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बिरादरी मोमीन आणि अन्सारी या नावांखाली संघटित होऊ लागली. मौलाना आसिम बिहारी यांच्यासारख्यांनी मोमीन कॉन्फरन्स उभी केली. तिने १९४० च्या फाळणीच्या मागणीलाही विरोध केला, हे आपल्या पुस्तकांत येत नाही. अन्सारी हे नाव मदिनेच्या अन्सारांवरून. अन्सार म्हणजे मक्केहून हिजरत करून आलेल्यांना ज्यांनी घरात घेतले ते. आता गंमत पाहा: हिजरत करणाऱ्यांनी नाव घेतले ते आसरा देणाऱ्यांचे. खरे अन्सार खान्देशातच होते. उधारीवर सूत देणारा सावकार, लुगडे घेणारी कुणबीण, मशिदीजवळ जागा देणारे आधीचे मुसलमान. त्यांपैकी कोणी आपले नाव बदलले नाही.

नाते एकतर्फी राहिले असेही नाही. मऊत जन्मलेले मौलाना मुख्तार अहमद नदवी मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांनी मालेगावजवळ मन्सुरा येथे जामिया मोहम्मदिया उभारली. तिथे पुढे युनानी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही झाले. २००७ मध्ये ते वारले. आजमगढच्या मिजवाँ गावचे कैफी आझमी उमेदीची वर्षे मुंबईत काढून अखेरच्या काळात गावी परतले आणि मुलींच्या शाळेसाठी, रस्त्यासाठी झटले. दोघांनी पैसा आणि मेहनत कोणत्या टोकाला लावली, हे ताडून पाहण्यासारखे आहे. लग्ने मात्र आता मालेगाव, धुळे, भिवंडी, बुऱ्हाणपूर यांच्यातच होतात. मुलखातली शेवटची नवरी आमच्या गल्लीत आली, तेव्हा आम्ही सातवीत होतो.

तर त्या पालकांचे काय झाले? त्यांचा अर्ज एकदा परत आला. ‘कौम’मध्ये ‘मुसलमान’ आहे, जात नाही, असा शेरा. शिवाय नोंद उर्दूत असल्याने मराठी भाषांतर जोडावे. भाषांतर करायला ते रजिस्टर घेऊन आमच्यासमोर बसले. ‘वेस्ट खानदेश’ म्हणजे आजचा धुळे जिल्हा, आणि त्यातूनही १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, हे आम्ही समासात लिहिले. ‘पारचाबाफ’पाशी अडलो. विणकर लिहावे, मोमीन लिहावे की जुलाहा? पालक म्हणाले, ‘सर, जे चालेल ते लिहा.’ पण जे लिहिलेले नाही ते आम्ही कसे लिहिणार? आम्ही ‘कापड विणणारा (विणकर)’ असे लिहिले. वतनाच्या रकान्यात मराठीत ‘वतन’ लिहिले असते तर कचेरीतल्या कारकुनाने जमीन शोधली असती, म्हणून ‘मूळ गाव’ लिहिले. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला. त्यांनी कागद दोनदा घडी करून खिशात ठेवला आणि दुपारची धुळ्याची एस.टी. गाठायला निघाले.